तरसाच्या माळावर कुणी नाही

चौतीस वर्षांच्या तलाठीपणात मी एकही पंचनामा घरात बसून लिहिला नाही. गारपीट झाली, चालत गेले. विहीर ढासळली, कडेला पालथं पडून आत डोकावून आले. एकदा जळालेल्या कडब्याच्या गंजीपाशी उभी राहिले तर चपलेचा तळ वितळला, तरी राखेची लांबी-रुंदी टेपने घेतली आणि मगच सही केली. मध्ये सरकारने आमच्या हुद्द्याचं नाव बदलून काहीतरी लांबलचक ठेवलं. लोकांनी ते मनावर घेतलं नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी मी, इंदुमती गोंजारी, खैरवळ गावाची तलाठीबाईच आहे. न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायची नाही, या सवयीचा मला फार गर्व होता. आता त्या गर्वाचं काय करावं कळत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

निवृत्तीनंतर बायका देवाधर्माला लागतात, मी आभाळाला लागले. माझ्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा आहे, एक सुका आणि एक ओल्या फडक्यातला असे दोन तापमापक आहेत. जुन्या टेबलफॅनच्या मोटरवर मी हवेतला विद्युतभार मोजणारं एक यंत्र जुळवलं आहे. आणि एक खोक्यासारखा रेडिओ आहे, ज्यावर स्टेशन एकही लागत नाही, पण दीडशे किलोमीटरवर वीज चमकली तरी तो खरखरतो. मिनिटाला किती खरखर, हे मी वहीत मांडते. सांगोल्यापासून अथणीपर्यंत असे चौदा हौशी लोक आहोत आम्ही. त्यात एक औषध दुकानदार आहे, एक कंडक्टर आहे, एक दाताचा डॉक्टर आहे. आमचं कुणी ऐकत नाही, म्हणून आम्ही एकमेकांचं ऐकतो.

दोन वर्षांपूर्वी मात्र आमचं ऐकणारं कुणीतरी आलं. वीजवळण योजना आली.

योजनेचं शास्त्र अवघड नाही. वळवाच्या ढगात गारांचे कण खाली येत असतात आणि बर्फाचे बारीक स्फटिक वर जात असतात. ते एकमेकांवर घासतात. स्फटिक एक भार घेऊन वर जातात, गारा उलटा भार घेऊन खाली राहतात. फरक वाढत वाढत इतका होतो की मधली हवा तो पेलू शकत नाही, ती फुटते, आणि त्या फुटण्याला आपण वीज म्हणतो. ती कुठे पडेल हे आजवर ढगाच्या मर्जीवर होतं. वीजवळणाच्या मनोऱ्याच्या टोकाला लेसर आहे. तो सेकंदाला हजार वेळा ढगात प्रकाशाचा ठोका मारतो. त्या रेषेतली हवा विरळ होते, तिच्यातून भार सहज वाहू लागतो, आणि ढगाला खाली यायला आयती वाट मिळते. शेतात पाटाच्या पाण्याला दारं मोडून वाट देतात ना, तसंच. गावापासून लांबच्या माळावर ढग रिकामा करायचा, म्हणजे गावावर येतो तेव्हा त्याच्यात नुसता आवाज उरतो.

उतरलेली वीज जमिनीत जिरायला हवी. आमच्याकडे वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. शेकडो विजा एकामागून एक आल्या की त्या जिरत नाहीत, खडकावरून पसरतात. मग अर्ध्या किलोमीटरात उभ्या असलेल्या माणसाच्या एका पायाखाली एक दाब आणि दुसऱ्या पायाखाली दुसरा. चार पायांच्या जनावराचं तर विचारूच नका. म्हणून नियम असा, की मनोरे फक्त पोटखराबा जमिनीवर उभे करायचे, आणि अर्ध्या किलोमीटरात एकही माणूस असेल तर मनोरा लावायचा नाही.

पोटखराबा हा सातबाऱ्यावरचा शब्द आहे. जिथे पीक येत नाही ती जमीन. तरसाच्या माळाला पोटखराबा मीच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. पीक येत नाही याचा अर्थ माणूस येत नाही असा होत नाही. पण लांबून कागद वाचणाऱ्याला ती जागा रिकामी वाटते.

आणि माणूस आहे की नाही, हे बघायचं कुणी? मनोऱ्यावर कॅमेरा आहे, पण वादळाआधी धूळ उठली की त्याला काही दिसत नाही. म्हणून मनोरे चालवणारं यंत्र फोन मोजतं. हल्ली फोन नसलेला माणूस नाही. अर्ध्या किलोमीटरात एकही फोन चालू नसेल तर यंत्राच्या लेखी तिथे कुणी नाही.

माझी लेक शर्वरी त्या यंत्रापुढे बसते. गावाबाहेरच्या वीजवळण केंद्रात तिची नोकरी. आम्ही चौदा वेडे तिच्यामुळेच केंद्राचे नोंदणीकृत निरीक्षक झालो. आम्हाला क्रमांक मिळाले. माझा एकशे सात.

त्या बुधवारी सकाळी आठला मायाक्का आली. मायाक्का मेटकरी माझ्याच वयाची, मेंढरं घेऊन बारा महिने फिरणारी. मी नोकरीत नवीन असताना तिच्या मेंढरांच्या नुकसानीचा पंचनामा करायला ओढा ओलांडून गेले होते, आणि परत येताना पाणी वाढलं म्हणून रात्रभर तिच्या पालात राहिले होते. तेव्हापासूनची ओळख. खैरवळच्या आसपास पाल पडलं की ती माझ्या गच्चीवर येऊन फोन चार्जिंगला लावायची आणि माझ्या यंत्रांची टिंगल करायची.

"काय म्हनतोय तुमचा कोंबडा?" तिने विचारलं.

"आज काही खरं नाही, मायाक्का. ओला तापमापक सव्वीसवर आहे. एवढा दमटपणा मी या गच्चीवर पाहिला नाही. चारच्या सुमाराला मोठं काहीतरी येणार."

"मग मेंढरं कुटं न्हिऊ? पोरगा बिराप्पा आन् सूनबाई बाजारला गेल्यात, बकरी घिऊन. म्या आन् म्हातारा दोघंच हाय. तरसाच्या माळाला न्ह्यावं म्हनतूया. मनोऱ्याच्या टाकीला पानी हाय."

मनोऱ्याच्या बुडाशी अर्थिंगचा खड्डा असतो, त्यात मीठ आणि कोळसा. उन्हाळ्यात तो ओला ठेवावा लागतो, म्हणून शेजारी पाण्याची टाकी. मे महिन्यात दहा किलोमीटरात तेवढंच पाणी. शिवाय मेंढरांना मिठाची चट.

मी विचार केला. आणि मला वाटलं, की मी फार हुशारीचा विचार करते आहे.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "मनोऱ्याजवळ माणूस असला तर तो मनोरा लागतच नाही. तिथेच थांब. मात्र खांबाला टेकून बसू नकोस, शंभर पावलं लांब बस. पाय जवळ घेऊन. आणि गडगडायला लागलं की फोन बंद कर."

"ते काय सांगाय पायजे व्हय? तुमीच शिकीवल्यालं."

मीच शिकवलं होतं. नोकरीत असताना एका प्रशिक्षणात छापील कागद मिळाला होता, त्यात ती ओळ होती. मी ती बिरोबाच्या देवळाच्या भिंतीवर रंगवून घेतली, वस्त्यावस्त्यांवर सांगितली. पुढे मी वाचलं, की मोबाईलने वीज ओढली जात नाही, त्यात काही तथ्य नाही. पण भिंतीवरची ओळ पुसली नाही. म्हटलं, बंद केल्याने नुकसान तर काही होत नाही. मायाक्काला तर मी बोट धरून शिकवलं होतं, की बाजूचं बटण दाबून ठेवायचं, चित्र जाईपर्यंत.

फोन चार्ज झाला. तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, कमरेच्या चंचीत घातला आणि जिना उतरली. मी माझी दोन वाक्यं एकापाठोपाठ एक बोलले होते आणि ती एकमेकांना काय करतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. अकरावीच्या पोराच्याही आलं असतं.

दुपारी दोनला वारा पडला. कोंबडा आग्नेयेकडे तोंड करून जो थांबला तो हलेना. रेडिओवर मिनिटाला सहा खरखरी. अडीचला सव्वीस. अथणीच्या औषध दुकानदाराचा निरोप आला, 'गारा लिंबाएवढ्या. पत्रे उडाले. वीज थांबत नाही.' सॅटेलाइटच्या चित्रात विजापूरच्या बाजूला तीन ढग वेगवेगळे दिसत होते. पावणेतीनला ते एकमेकांना भिडले आणि नव्वद किलोमीटर लांबीची एकच भिंत झाली. वेग ताशी पन्नास. दिशा सरळ आमची.

खरं सांगायचं तर मला आनंद होत होता. हौशी माणसाचं हे असं असतं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते वादळ समोर उभं राहत होतं, आणि मी एका हातात पेन धरून, दुसऱ्या हाताने चहा पीत आकडे मांडत होते. टेबलफॅनवरच्या यंत्राचा काटा एरवी शंभराच्या आसपास डुलतो. तो शून्यावर आला, पलीकडे गेला, आणि उणे दोन हजारावर थरथरत राहिला. आमच्या गटावर मी लिहिलं, 'असं कधी पाहिलं नाही.' कुणीतरी टाळ्यांचं चित्र पाठवलं.

तीन वाजून सतरा मिनिटांनी रेडिओतली खरखर मोजता येईना. नुसता तळणाचा आवाज. तेव्हा मला पहिल्यांदा मायाक्काची आठवण झाली. हे तिच्या शंभर पावलांचं काम नव्हतं. बिरोबाचं दगडी देऊळ माळापासून दोन किलोमीटरवर आहे, मेंढरं सोडून तिकडे पळ म्हणून सांगायचं होतं. मी फोन लावला.

आपण संपर्क करू इच्छित असलेला फोन सध्या बंद आहे.

ही बाई रोज कुणाला ना कुणाला हे सांगत असते. त्या दिवशी तिने ते वाक्य पूर्ण करायच्या आत मला सगळं कळलं. मायाक्का माझं ऐकून मनोऱ्यापाशी बसली होती. आणि माझंच ऐकून तिने फोन बंद केला होता. यंत्राच्या लेखी तरसाच्या माळावर कुणी नव्हतं.

माळ माझ्या घरापासून एकोणीस किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा कच्चे. वादळ तिथे पोचायला अठरा मिनिटं. स्कूटरने अर्धा तास. मी शर्वरीला फोन लावला.

"आई, पटकन बोल."

"तरसाच्या माळावरचा मनोरा लावू नको. तिथे मायाक्का आहे. तिचा नवराही आहे."

तिच्या बोटांचा टकटक आवाज ऐकू आला. "तिथे कुणी नाही. अर्ध्या किलोमीटरात एकही फोन नाही."

"तिने बंद केलाय."

"कशावरून?"

"मीच सांगितलं होतं, गडगडायला लागलं की बंद कर म्हणून."

"यंत्र बंद फोनची पंधरा मिनिटं वाट बघतं. मग धरून चालतं की माणूस रेंजच्या बाहेर गेला. तिने अडीचच्या सुमाराला बंद केला असेल. केव्हाच यादीतून गेली ती."

"शरू, ती तिथेच आहे. सकाळी मला सांगून गेली."

"ऐक. जोगीण टेकडीचा मनोरा दुरुस्तीला उघडलाय. लेंडओढ्यापाशी रस्त्याचे मजूर आहेत, बावीस फोन. तरसाचा माळ सोडला तर माझ्याकडे काही उरत नाही. आणि गावच्या बाजारात आत्ता अडीच हजार माणसं आहेत, ताडपत्रीखाली."

"बाजार उठवा."

"भोंगा वाजवून वीस मिनिटं झाली, आई. दावणीची मेंढरं टाकून कोण हलतंय?"

मी काही बोलणार तेवढ्यात तिचा आवाज बदलला. माझ्या लेकीने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"हे संभाषण नोंदवलं जात आहे. निरीक्षक क्रमांक एकशे सात, तुम्ही आज दुपारी तरसाच्या माळावर माणूस प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला आहे का?"

तो नियम मला पाठ होता. निरीक्षकाने पाहिलं म्हटलं, की यंत्राला तो मनोरा सोडावा लागतो. 'हो' हा एक शब्द पुरे होता. पण प्रश्न डोळ्यांनी पाहिलंत का असा होता, आणि चौतीस वर्षं न पाहता 'हो' म्हणा असा दबाव माझ्यावर आला होता, पुढाऱ्यांकडून, साहेबांकडून, खोटी नुकसानी लावून घ्यायला आलेल्या पाहुण्यांकडून. तोंडातून उत्तर निघालं ते माझ्याआधी निघालं.

"नाही."

"नोंद झाली," शर्वरी म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी लगेच परत लावला. तिने दुसऱ्या वेळेला उचलला.

"पाहिलं! लिही, मी पाहिलं. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, काय हवं ते लिही."

"आई, तू आत्ताच नाही म्हणालीस. ते पुसता येत नाही."

"तुझ्याकडे हाताने बंद करायची कळ आहे ना?"

"आहे."

"मग दाब की!"

"दाबली तर बाजारात काय होईल ते मला माहीत आहे. माळावर काय होईल ते तुला वाटतंय." तिचा श्वास लागला होता. "बिराप्पा कुठे आहे?"

"बाजारात."

फोन कुणी ठेवला ते मला आठवत नाही.

तीन एकेचाळीसला आग्नेयेच्या काळ्या भिंतीखाली एक निळसर दोरा दिसला. लेसर दिवसा दिसत नाही, पण मागे इतका अंधार होता की दिसला. मग त्या दोऱ्यावरून पहिली वीज उतरली. मग दुसरी. सगळ्या एकाच जागी. मी मोजल्या. दुसरं काय करणार होते? नऊ मिनिटांत त्रेसष्ट. पेनने रेघा ओढत होते आणि दर चार रेघांवर पाचवी आडवी मारत होते, शिक्षकाने शिकवल्याप्रमाणे.

चारला वादळ खैरवळवर आलं. गारा पडल्या, दोन निलगिरी मोडल्या, ढग मोकळ्या पिंपासारखे गडगडले. वीज एकही पडली नाही. नंतर कळलं, की बाजारात भजी तळायचंसुद्धा कुणी थांबवलं नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर मी स्कूटर काढली. शेवटचे तीन किलोमीटर चिखलातून चालले. जिथे जायचं तिथे चालत जायचं, ही सवय होतीच.

मेंढरं टाकीभोवती बसली होती, दुपारी बसतात तशी. एकशे चाळीस. जवळ गेल्यावर कळत होतं. मायाक्का आणि म्हातारा एका घोंगडीखाली होते. मी मनोऱ्यापासून पावलं मोजली. एकशे चार. पाय जवळ घेतलेले होते. तिने माझं एक अक्षर खाली पडू दिलं नव्हतं. मी तिथे चिखलात बसले आणि मोठ्याने रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नवीन तलाठी पोलिसांबरोबर आला. पंचविशीचा, नम्र मुलगा. त्याने कागद काढला.

"कारण काय लिहिताय?" मी विचारलं.

"नैसर्गिक वीज, बाई."

"मनोरा लिहा. मनोऱ्याने ओढून आणलेली वीज."

तो ओशाळला. "केंद्राकडून विचारून घेतलं मी. मनोरा लावला तेव्हा माळावर कुणी नव्हतं अशी त्यांची नोंद आहे. त्यांच्या निरीक्षकाचीही साक्ष आहे तशी."

"ती साक्ष माझी आहे," मी म्हणाले.

त्याला वाटलं, मी धक्क्यात आहे. त्याने मला पाणी दिलं. चंचीतला फोन त्याने पंचनाम्यात लिहून घेतला, एक नग, बंद स्थितीत.

शर्वरी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. मी पिठलं-भाकरी केली होती. ती जेवली, ताट घासून ठेवलं, आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तू नाही म्हणालीस ना," ती म्हणाली, "तेव्हा मला सुटल्यासारखं झालं."

मी भांडी पुसत राहिले.

"ती तिथे आहे हे मला तेव्हाच पटलं होतं, आई. तू उगाच बोलणार नाहीस. पण तू नाही म्हणालीस आणि माझ्या हातातून निर्णय गेला. यंत्राने लावला, निरीक्षकाने सांगितलं, मी फक्त बसले होते. मग तू परत फोन करून कळ दाब म्हणालीस. ते करायला नको होतंस."

"अडीच हजार माणसं वाचली," मी म्हणाले. मला तिला काहीतरी द्यायचं होतं.

"कुणी सांगितलं? कदाचित बाजारावर एकही पडली नसती. कदाचित शंभर मेली असती. ते कधी कळणार नाही. दोन कळले." तिने भिंतीवरच्या आपल्या पदवीदानाच्या फोटोकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "तू खोटं बोलली असतीस आणि बाजारात माणसं मेली असती, तर मी तुला माफ केलं नसतं. आता तू खरं बोललीस, तर मला तुझ्यासमोर बसवत नाही. हे बरोबर नाही, मला कळतंय."

ती केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. रविवारी फोन करते. हवेचं विचारत नाही. बंद फोनची वाट आता पंधरा मिनिटांऐवजी सहा तास बघतात, एवढं तिने सांगितलं. मी बिरोबाच्या देवळाची भिंत चुन्याने पांढरी करून घेतली. त्यावर नवीन ओळ लिहायला गेले, 'वीज चमकताना फोन चालू ठेवा', तर पुजाऱ्याने ब्रश हातातून काढून घेतला. असल्या ओळीने माणसं मरतील, म्हणाला.

बाराव्या दिवशी बिराप्पा आला. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडी. मला वाटलं, त्याला सगळं कळलंय आणि तो जाब विचारायला आलाय. मी दारातच हात जोडणार होते. पण त्याने चंचीतून प्लास्टिकची पिशवी काढली.

"पोलिसांनी दिला. चार्ज हुतोय का बगा की. आयीचा आवाज आसंल त्यात कुटंतरी."

गच्चीवर, मायाक्का लावायची त्याच जागी मी फोन चार्जिंगला लावला. बिराप्पा माझ्या यंत्रांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "एक इच्यारू का, तलाठीबाई? आयीनं फोन बंद केल्याला हुता. तुमी सांगितल्यालं तसंच लांब बसली हुती. समदं बरुबर केलं तिनं. मग इज पडली कशी?"

मी बटण दाबून फोन चालू केला. चित्र आलं. रेंज आली. आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

माळावर रेंज धड नसते. निघायच्या आत फोन बंद झाला म्हणून अडकून राहिलेला, तिने बोलून पाठवलेला एक निरोप बारा दिवसांनी सुटला होता. मी तो लावला. मागे मेंढरांचा आवाज, आणि त्याहून मागे पहिलं गडगडणं.

"तलाठीबाई, पोचलो बगा. खांबापासनं लांब बसलूया. गडगडाय लागलंय, फोन बंद करतीया. इज गेली की लावते."

बिराप्पाने तो तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. त्याला अजून त्याच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

मी त्याला खाली बसवलं आणि सकाळी आठपासून सगळं सांगितलं. मनोरा काय करतो ते. यंत्र माणसं कशी मोजतं ते. भिंतीवरची ओळ. शरूचा प्रश्न आणि माझं उत्तर. बाजाराचंही सांगितलं, पण ते मी सावरून घ्यायला सांगते आहे असं माझं मलाच वाटलं, म्हणून पुन्हा तिथे आले नाही.

तो ऐकत होता.

"मंजी आयी तितं हाय, ह्ये तुमास्नी ठावं हुतं," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आन् लेकीनं इच्यारलं, तवा तुमी न्हाई म्हनला."

"हो. म्हणाले."

"का?"

"मी पाहिलं नव्हतं, बिराप्पा."

त्याने मान हलवली, एखाद्या परक्या गावचा पत्ता ऐकून घ्यावा तशी. मग आईचा फोन चार्जरवरून काढला आणि उठला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून त्याने बाजूचं बटण दाबून धरलं, चित्र जाईपर्यंत. तिने त्याला शिकवलं असणार. फोन पिशवीत गुंडाळून तो खाली उतरला.